अनुभवी चिंध्या पाहिजेत

जुन्या कापडाला आपल्याकडे चार गती आहेत. धडधाकट असेल तर बोहारणीच्या पाटीत, मऊ असेल तर गोधडीत, जाडंभरडं असेल तर पायपुसण्यात आणि अगदीच कामातून गेलं असेल तर पोतेऱ्यात. कोणाला कुठली गती द्यायची याचा निकाल आमच्या घरी मावशी देते. त्यावर अपील नाही.

फाल्गुन लागला की दिवाणाखालची गाठोडी बाहेर निघतात, कारण गोधडी शिवायची ती उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत. घरातून, शेजारातून, नातेवाइकांच्या कपाटांतून जमलेलं सगळं कापड बैठकीत पसरतं आणि मुलाखती सुरू होतात. निवड मंडळावर मावशी अध्यक्ष, माझी बायको सचिव आणि मी काडेपेटी धरणारा. काडेपेटीचं काम पुढे येईलच.

या मुलाखतींचा न्याय मात्र जगाच्या उलटा. बाहेर कोरं, चकचकीत आणि महागडं ते पुढे जातं; इथे तेच दारात अडतं. बायकोने मोठ्या मनाने तिची एक जरीची साडी पुढे केली, तर मावशीने काठ दोन बोटांत धरून चुरगाळला आणि म्हणाली, "सूनबाई, जरीला सुई अडते गं. आणि ही धुवायची कशी? गोधडी आपटून धुवायला लागते." जरीची साडी पुन्हा कपाटात गेली. बायकोचा चेहरा पाहता तिला त्याचं फार दुःख झालेलं दिसलं नाही.

मग ओटीतले ब्लाऊजपीस आले. हा जथा मोठा असतो. हळदीकुंकवात, बारशात, डोहाळजेवणात आलेला ब्लाऊजपीस शिवायचा नसतो, पुढच्या ओटीत घालायचा असतो, असा अलिखित नियम आहे. आमच्याकडचा एक जांभळा तुकडा सगळ्या नातेवाइकांकडे पाहुणचार घेऊन, अंगावरची घडीही न मोडता परत आमच्याच घरी आला होता. मावशीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "कोरं आहे ते," एवढंच म्हणाली. अनुभव शून्य!

कोरेपणाला तिचा विरोध उगाच नाही. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शेजारी आधीच आटून बसलेलं जुनं कापड असतं. नवं स्वतः आखडतं आणि टाक्याजवळ जुन्याला ओढून फाडतं. "नवं जुन्याच्या शेजारी लावायचं तर आधी दोन-चारदा धुऊन घ्यावं, म्हणजे वळणावर येतं," मावशी सहज म्हणाली. माझी नवीनच लग्न झालेली पुतणसून तेव्हा चहा घेऊन आली होती. मंडळाचं कामकाज काही वेळ तहकूब झालं.

पहिल्या फेरीतून सुटलेल्यांची खरी परीक्षा खिडकीशी होते. मावशी तुकडा उजेडाकडे धरते. उभा-आडवा धागा दिसला पाहिजे, पण पलीकडचं आंब्याचं झाड दिसता कामा नये. मग दोन्ही अंगठे जवळ जवळ ठेवून ती तो ताणते आणि कान देते. आवाज न करता ताण सोसला तर पास. 'चर्र' झालं की पोतेऱ्यात. म्हणजे उमेदवार अनुभवी हवा, पण निवृत्त नको. मग उरेब ताणून बघायचं. तिरकं कापलेलं कापड रबरासारखं वाढतं आणि गोधडीला पोक येतं. लाल आणि काळ्या रंगाच्या उमेदवारांना आणखी एक परीक्षा असते: ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबायचं. रंग गेला तर तो उमेदवार एकटाच जात नाही, सगळ्यांना बरोबर घेऊन जातो. रुमाल माझे असतात.

आता काडेपेटी. मिश्र कापड हल्ली इतकं सुतीचं सोंग आणतं की बोटांनाही कळत नाही. त्यामुळे एक धागा उसवून चिमट्यात धरायचा आणि मी काडी लावायची. कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख पडली, तर सुती. वितळून टोकाला काळी कडक गोळी जमली, तर पॉलिस्टर. या कामात मी आता इतका तयार झालो आहे की लग्नकार्यात लोकांच्या झब्ब्यांकडे पाहताना हात खिशाकडे जातो.

पॉलिस्टरचा हा धागा १९४१ साली जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन या दोघा ब्रिटिश मंडळींनी शोधला. चुणी न पडणारं, न आटणारं, न विटणारं कापड आपण जगाला देतो आहोत, असं त्यांना वाटलं असेल. मावशीच्या लेखी त्यांनी चिंध्यांचा वंश बुडवला. वडिलांची सत्तरच्या दशकातली टेरिकॉटची विजार आमच्याकडे अजून आहे. तिची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. ती घाम पीत नाही, थंडी अडवत नाही, कुठल्याही कापडाशी जमवून घेत नाही. "फाटतच नाही म्हटल्यावर तिचं करायचं काय?" मावशी विचारते. अमरत्व ही गोधडीच्या दृष्टीने सरळसरळ अपात्रता आहे.

मग उत्तीर्ण होतं कोण? विटून मूळ रंग विसरलेलं नऊवारी. आजोबांचं धोतर, ते अस्तराला. शर्टाची पाठ, कारण माणसाची कॉलर आणि कोपर आधी जातात, पाठ शेवटपर्यंत टिकते. पायजम्याचा गुडघ्याखालचा भाग. साडीचा पदर, कारण साडी झिजते ती बसायच्या जागी. ही झिजलेली जागा काढून दोन्ही धड टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा, आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं, हा सगळ्या घरांचा रिवाज होता. दंड घातलेलं लुगडंही विरलं की मगच ते गोधडीच्या लायक होई. एवढं शिक्षण आज कुठल्या कापडाला मिळतं?

तुकड्याचं मापही ठरलेलं आहे. वीतभर असेल तर गाठोड्यात, चार बोटं असेल तर कोपऱ्यांच्या त्रिकोणांसाठी वेगळ्या पिशवीत. त्याहून लहान असेल तर मी तो टाकायला उचलतो आणि मावशी सुभद्रेची गोष्ट काढते. कृष्णाचं बोट कापलं, सुभद्रेच्या महालात शालू होते, पैठण्या होत्या, पण बांधायला चिंधी म्हणून सापडेना. शेवटी द्रौपदीने अंगावरचं भरजरी वस्त्र फाडलं. 'श्यामची आई' चित्रपटातल्या गाण्याने १९५३ पासून ही गोष्ट घरोघर नेली आणि ऐकणारा प्रत्येकजण बहिणीच्या मायेने गहिवरला. मावशीचा निष्कर्ष वेगळा आहे. "गाठोडं बांधून ठेवलं असतं, तर धड वस्त्र फाडायची वेळ आली असती का?"

तिची नात न्यू जर्सीला असते. तिलाही गोधड्यांचा नाद लागला आहे. व्हिडिओ कॉलवर तिने दुकानातून आणलेले छापील सुती कापडाचे गठ्ठे दाखवले, अडीच इंची पट्ट्या, पाच इंची चौकोन, आधीच कापून विकायला ठेवलेले. उरलेले तुकडे रंगवार लावलेल्या पारदर्शक डब्यांत. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, धड कापड विकत आणून फाडायचं आणि परत जोडायचं? तिकडे जुनेर मिळत नाही का?" "आजी, इथे कपडे फाटायच्या आधीच टाकून देतात." त्या रात्री मावशी नीट जेवली नाही.

पण इथे तरी काय वेगळं आहे? यंदाच्या मुलाखतींत जागा भरल्याच नाहीत. ढीग मोठा आणि लायक कापड ओंजळभर. तेव्हापासून मावशीने जिवंत कपड्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली आहे. सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला आले, तर पावती बाजूला ठेवून तिने त्यांची बाही चाचपली आणि म्हणाली, "सुती आहे हो! विटला की आणून द्या." ते आता टेरिकॉट घालून येतात.

मलाही कपडे घेताना ताकीद असते. गेल्या दिवाळीत दुकानदाराने शर्टाची घडी झोकात उलगडली. "बिनधास्त घ्या साहेब, दहा वर्षं ना फाटणार, ना रंग जाणार!"

मी शर्ट परत ठेवला आणि त्याला विचारलं, "लवकर विटणारं काही आहे का?"