दुसऱ्या पसंतीचे गुरुजी

शिवथरला घळ बघायला आलेली मंडळी धबधब्यात भिजून, समर्थांना नमस्कार करून चहाला टेकली, की गुरुजी सरकत सरकत त्यांच्या बाकावर येतात. पहिला प्रश्न ठरलेला. "आपल्या महाड तालुक्याचा राष्ट्रपती होता होता राहिला, ठाऊक आहे?" पाहुणा "नाही" म्हणाला की अडकला. "हो" म्हणाला तर त्याची शेवटची एसटी गेलीच म्हणून समजा.

जरतरवाले गावोगावी असतात. कुणी पानिपतावर विश्वासरावांना वाचवतो, कुणी माधवराव पेशव्यांचा क्षय बरा करतो. इथे जावळीच्या मुलखात तर चंद्रराव मोऱ्यांनी महाराजांचं ऐकलं असतं तर, या विषयावर पोतंभर सुपारी कातरून झाली असेल. गुरुजींना असला घाऊक माल नको. त्यांची एकच तारीख, १६ ऑगस्ट १९६९, आणि एकच माणूस, चिंतामणराव देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावातला, १८९६चा. आयसीएसला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५२ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर १९५६ला अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. एवढं सांगताना गुरुजींचा चहा गार होतो. तो ते गारच पितात, कारण खरं काम पुढे असतं.

खिशातून लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू निघते. पेनाचं टोपण, नळी सगळं केव्हाच गेलेलं. नुसत्या रिफिलला कागद गुंडाळून केलेल्या लेखणीनं त्या दिवशीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे आकडे पडू लागतात. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. चिंतामणराव १,१२,७६९. मग दुसऱ्या पसंतीची मतं. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. "फरक?" गुरुजी मास्तरकीच्या आवाजात विचारतात आणि मुंबईचा इंजिनियर मुकाट्यानं १४,६५० सांगतो.

"म्हणजे ह्यातली निम्मी इकडची तिकडे झाली असती तर!"

"तर रेड्डी आले असते," समोरच्या बाकावरून कंडक्टर म्हणतो. हे तो रोज म्हणतो. आणि त्याचं बरोबर असतं. चिंतामणराव तिसरे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षानं त्यांना उभं केलं होतं. गणित कसंही फिरवा, फायदा रेड्डींचाच. बरं, रेड्डी १९७७ला बिनविरोध राष्ट्रपती झालेच, तेव्हा त्यांच्यासाठी कुणी जरतर करत बसायचंही कारण नाही.

गुरुजी कंडक्टरकडे दयेनं बघतात. त्यांच्या मते चूक मतमोजणीत झालीच नाही, बंगळूरला झाली. जुलैमध्ये काँग्रेसच्या संसदीय मंडळाच्या बैठकीत इंदिराबाईंच्या मनात जगजीवनराम, आणि यशवंतराव चव्हाण रेड्डींच्या बाजूनं गेले. "यशवंतरावांनी तेव्हा एकदा रायगडाकडे बघायला हवं होतं." काँग्रेसच्या जुन्या पुढाऱ्यांनी पहिली पसंती चिंतामणरावांना दिली असती की झालं. मग नोव्हेंबरातली काँग्रेसची फूट नाही. १९७१ची मध्यावधी नाही. १९७५ला आणीबाणीचा कागद सहीला येतो तेव्हा राष्ट्रपती भवनात रिझर्व्ह बँकेचा माणूस, वाचल्याशिवाय सही न करणारा.

"पण मुदत १९७४लाच संपली असती ना?"

"दुसरी टर्म दिलीय मी त्यांना."

आणीबाणी टळल्यावर गुरुजी झपाझप खाली उतरतात. राष्ट्रपती जन्मगावी येणार, म्हणजे महाडचे रस्ते गुळगुळीत. नात्यापर्यंत आलेला माणूस घळीत आल्याशिवाय राहतो का? म्हणजे वरंध घाटाला पावसात दरड कोसळली तरी दुपारच्या आत साफ. आणि शिवथरला मुक्कामाची एसटी जादा. गुरुजींच्या इतिहासात देशाचं काय व्हायचं ते होवो, ही जादा एसटी कधी रद्द होत नाही.

एकदा मी त्यांना अमेरिकेची गंमत सांगितली. १८००च्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांना सारखीच ७३ मतं पडली, शेवटी प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान झालं तेव्हा जेफर्सन निवडून आला. बर अध्यक्ष झाला असता तर, यावर तिकडे अजून डोकी चालतात. मला वाटलं, सोबती मिळाल्याचा आनंद होईल. गुरुजी ताडकन उठले. "छत्तीस वेळा? आणि आमच्या चिंतामणरावांना एकदाच?"

त्यांच्या घरच्या निवडणुकीची गोष्ट कंडक्टरनं सांगितली. मतपत्रिका कागदाच्या होत्या तेव्हा ग्रामपंचायतीला त्यांचा पुतण्या उभा होता. गुरुजींनी शिक्का बाजूला ठेवून रिफिलनं पुतण्यापुढे १, शेजाऱ्यापुढे २ असे नीट आकडे घातले. पुतण्या एका मतानं पडला. दोन वर्षं घरात बोलणं बंद.

"गुरुजी, तुमचं मत बाद झालं नसतं तर?" मी विचारलं.

"बाद कुठे झालं?" गुरुजी पत्रिकेची घडी घालत म्हणाले. "त्या निवडणूक अधिकाऱ्यानं दुसरी पसंती मोजलीच नाही."