अधोरेखक

सादरीकरणाच्या स्लाइडवरील प्रत्येक शब्द महत्त्वाचा असल्यामुळे तो ठळक, तांबडा आणि खालून रेघ ओढलेला असलाच पाहिजे, अशी ज्याची अढळ श्रद्धा असते, त्या गृहस्थास अधोरेखक म्हणावे. त्याची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण त्याच्या तावडीत न सापडता एकही सरकारी प्रशिक्षणवर्ग कोणी पार पाडलेला नाही. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले. त्यापूर्वी हा प्राणी तांबड्या पेन्सिलीवर गुजराण करीत असे.

रोमन लिपीत जोर देण्यासाठी मोठी अक्षरे असतात. देवनागरीत ती सोय नसल्याने अधोरेखकाची सारी भिस्त रेघेवर असते. परंतु देवनागरी अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषा, म्हणजे शब्द बांधून ठेवणारी आडवी रेघ, मुळातच असते, आणि तिच्या जोडीस पायाशीही रेघ आली की उकार तिच्यात बुडून जातात. त्यामुळे ‘पूरनियंत्रण’ हे पडद्यावर ‘परनियंत्रण’ होते, ‘गुण’ मोजण्याऐवजी ‘गण’ मोजले जातात, आणि ‘सूचना’ची ‘सचना’ झाली तरी अधोरेखक रेघ मागे घेत नाही. फार तर ती दुहेरी करतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ हिने १९३३ साली असे दाखवून दिले की, सारख्या गोष्टींच्या रांगेत जी वेगळी पडते ती अधिक लक्षात राहते. अधोरेखकाच्या चाळीस तांबड्या स्लाइडांतून हा सिद्धान्त नेमका प्रत्ययास येतो, कारण ‘चहापान ११ वाजता’ एवढी एकच ओळ साध्या काळ्या अक्षरांत असते आणि श्रोत्यांना तेवढीच पाठ असते.

तथापि एवढे मान्य करणे भाग आहे की, ज्याने तीस वर्षे फायलींवर टिप्पण्या लिहिल्या आणि त्यांवर वरिष्ठांनी न वाचताच आद्याक्षरे उमटवली, त्याला आपले कोणते वाक्य वाचले जाईल याचा भरवसा उरत नाही, आणि म्हणून तो एकाही वाक्यावर अन्याय होऊ देत नाही. शेवटच्या स्लाइडवर मात्र, तांबडा रंग उद्धट दिसेल या संकोचाने, तो ‘शंका असल्यास अवश्य विचाराव्यात’ ही ओळ पांढऱ्यावर फिकट पिवळ्या रंगात आणि बिनरेघेची ठेवतो. ती कोणालाच दिसत नाही, खुर्च्या सरकू लागतात, आणि तो लेझर पॉइंटरचा तांबडा ठिपका तिच्या खालून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवीत उभा राहतो.