मु. पो. वॉलकट कंपाउंड

अमरावतीचा माणूस जन्मतो डफरीनला आणि आटोपतो इर्विनला. मधल्या साठ-सत्तर वर्षांत तो कोणत्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घेवो, कोणाचाही जयजयकार करो, आयुष्याची दोन्ही टोके व्हाइसरॉयांच्याच ताब्यात. डफरीन १८८४ ते १८८८, इर्विन १९२६ ते १९३१. सरकारी कागदावर एक जिल्हा स्त्री रुग्णालय आहे आणि दुसरे जिल्हा सामान्य रुग्णालय. पण मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर ऑटोवाल्याला ‘जिल्हा स्त्री रुग्णालयात घ्या’ असे म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. आणि जन्मेल तीही डफरीनलाच.

इर्विन साहेबाने ५ मार्च १९३१ रोजी गांधीजींशी करार केला, एवढे शाळेत शिकवतात. अमरावतीने त्याच्याशी काय करार केला, ते कोणी शिकवत नाही. दवाखाना सरकारचा, चौकात पुतळा बाबासाहेबांचा, नाव मात्र तुझे. १४ एप्रिलला तो चौक निळ्या झेंड्यांनी गच्च भरतो, तेव्हाही गर्दीत फोन वाजतो.

‘कुठी हायेस बे?’

‘इर्विनले.’

यात बाबासाहेबांचा अनादर नाही आणि इर्विनचा आदर तर त्याहून नाही. तोंडाला एकदा वळण पडले की ते ठरावाने सुटत नाही. साहेब लोक राहायचे ते कॅम्प, त्यांचे चपराशी राहायचे तो चपराशीपुरा, आणि फ्रेझर नावाच्या साहेबाचा फ्रेझरपुरा. साहेब गेले. चपराशीपुऱ्याचे नाव मात्र टिकले आणि कॅम्पात भाव असा की साहेबालाही आज तिथे टू-बीएचके परवडला नसता.

इंग्रजाने १८५३ साली कर्जाच्या हिशेबात निजामाकडून वऱ्हाड घेतले ते आमच्या रूपावर भाळून नव्हे. काळ्या मातीतल्या पांढऱ्या बोंडावर त्याचा डोळा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना एकाएकी आमची आठवण झाली. लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ हे कापसाच्या एका जातीचे नाव होऊन बसले. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपलीच. तेव्हा आमच्या गावाचे नाव काढले की साता समुद्रापलीकडे कापसाचा भाव कळायचा. आता टीव्हीवर अमरावती म्हटले की आंध्रची राजधानी दाखवतात. ‘अमरावतीत हजारो कोटींची कामे’ अशी पट्टी फिरली की टपरीवर क्षणभर सगळे कप हवेत थांबतात. मग कोणीतरी म्हणतो, ‘थे तिकडची हाय बाप्पा.’ आणि कप पुन्हा तोंडाला लागतात.

तर कापसामागून कंपन्या आल्या. व्होल्कार्ट ब्रदर्स ही स्वित्झर्लंडच्या विंटरथुरची पेढी, १८५१ मध्ये तिथे आणि मुंबईत एकदमच निघालेली. रॅली ब्रदर्स मूळचे ग्रीक, त्यांचे बस्तान लंडनला. या मंडळींनी वऱ्हाडात गाठी बांधल्या, पैसा बांधला आणि जाताना नाव तेवढे सोडून गेले. व्होल्कार्टचे झाले ‘वॉलकट कंपाउंड’. रॅलींचा झाला ‘रॅलीज प्लॉट’, अकोल्यात ‘रायली जीन’. नव्या पिढीचा पक्का समज आहे की रॅलीज प्लॉट म्हणजे पूर्वी जिथून रॅल्या निघत ती जागा, आणि वॉलकट म्हणजे रस्तारुंदीकरणात कोणाची तरी वॉल कट झाली असणार. दुसरा समज तर इतका रास्त आहे की तो खोडून काढायला जीभ रेटत नाही.

स्विस पेढी मात्र पूर्ण गेली असे समजू नका. १९५४ मध्ये टाटांनी तिच्याबरोबर एक कंपनी काढली, तिचे नाव व्होल्टास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला असताना वॉलकट कंपाउंडातला एखादा गृहस्थ रिमोट आपटत एसीकडे बघतो, तेव्हा व्होल्कार्ट त्याच्या पत्त्यातही असतो आणि डोक्यावरच्या भिंतीवरही. गृहस्थाला दोन्हींचा उपयोग नसतो, कारण लाइन गेलेली असते.

नावे ठेवण्याची अक्कल म्हणाल तर ती परकोट बांधणाऱ्यांना होती. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजाम सरकारने १८०७ मध्ये अमरावतीभोवती दगडी तट घातला. सावकार आत, पेंढारी बाहेर, असा सरळ हिशेब. (पेंढारी तटाबाहेरच राहिले. ले-आउटवाले आतूनच निघाले, म्हणून त्यांना कोणी अडवले नाही.) काही दरवाज्यांना नावे दिली ती रस्ता ज्या गावाला जातो त्या गावांची: नागपुरी, खोलापुरी. अकोल्यालाही तोच कित्ता, आगर वेस आणि दहीहंडा वेस. कोणाची जयंती नाही, कोणाचा सत्कार नाही, कोनशिलेवर पंचवीस नावे नाहीत. बाहेर पडलात तर कुठे पोहोचाल ते लिहिलेले, संपला विषय. खोलापुरी गेट आणि नागपुरी गेट यांची आज पोलीस ठाणी झाली आहेत, म्हणजे तेथून आत गेलेला माणूस कुठे पोहोचेल तेही लोकांना माहीत आहे.

तटाला खिडक्याही होत्या. त्यांतल्या एकीचे नाव खुनारी खिडकी. १८१८ साली तिच्याजवळच्या हाणामारीत ७०० माणसे पडली म्हणून हे नाव, अशी इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंद आहे. घडले ते सांगणारे इतके प्रामाणिक नाव त्यानंतर या शहरात एकाही जागेला मिळालेले नाही. आजच्या एखाद्या प्लॉट-दलालाच्या हाती ती खिडकी लागली असती तर ‘शांतिविहार, फेज वन’ म्हणून बुकिंग सुरू झाले असते आणि कोपऱ्याच्या प्लॉटला दीडपट भाव लागला असता.

लोक काय करतात, तर डोळ्यांना दिसते ते नाव घेतात आणि ती वस्तू नाहीशी झाली तरी नाव सोडत नाहीत. राजकमल, चित्रा, प्रभात, श्याम, सरोज ही अमरावतीतली नावे पडद्यांची, पण आज त्यांवर रहदारी चालते. एखादा परगावचा माणूस बसमधून उतरून चौक विचारत फिरला तर त्याला वाटावे, हे शहर सिनेमावाल्यांनी वसवले. जकात गेली, पण कठोरा नाका आणि शेगाव नाका आहेत. शेगाव नाक्याने तर किती भाविकांना फसवले असेल! गजानन महाराजांचे शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, बडनेऱ्यावरून पश्चिमेला. नाका शहराच्या अगदी दुसऱ्या अंगाला. खापर्डे बगीच्यात दादासाहेब खापर्डेही नाहीत आणि बगीचाही नाही. टिळकांचा हा उजवा हात, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचा स्वागताध्यक्ष. पण तिथल्या भाडेकरूला विचाराल तर तो सांगेल, ‘खापर्डे म्हंजे घरमालक असन कोनीतरी.’ अकोल्याच्या खदानीत खदान शोधायला जाऊ नये, पोलीस ठाणे सापडेल. वाशिम बायपास आता गावाला वळसा घालत नाही, गावच त्याला वळसा घालून पुढे गेले. बडनेऱ्याची नवी वस्ती पणजोबांच्या वेळची आहे. आणि अकोट फैल हे नाव ऐकून मुंबईच्या एका पाहुण्याने विचारले होते म्हणे, ‘मग पास कोण झाले?’ अकोलेकरांनी ते हसण्यावारी नेले, पण विसरले नाहीत.

थोरांचे हाल वेगळेच. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, धर्मशाळा बांधल्या, स्वतःला झोपडीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला आणि त्यांचे समाधिमंदिर जिथे झाले तो भाग गाडगेनगर. शहराने पुढे त्यांच्या नावाचे पोलीस ठाणेही काढले. त्यामुळे ज्या माणसाने जन्मभर कोणाच्या दमडीला हात लावला नाही, त्याचे नाव आता दर दोन दिवसांनी पेपरात ‘गाडगेनगर हद्दीत घरफोडी’ असे येते. खराटा मात्र कोणत्याही हद्दीत आलेला दिसत नाही.

अमरावती १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी महापालिका झाली, अकोला १ ऑक्टोबर २००१ ला. नावे ठेवणे हे तेव्हापासून आमसभेचे काम. आमसभेत पाण्यावर तास जातो, नाव ठेवण्यावर दिवस. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे दोन्हीकडे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात नावांचा दुष्काळ पडेल असे वाटले होते. पडला नाही. फ्लेक्सवाल्यांनी तो विभाग समर्थपणे सांभाळला. एका रात्रीत चौकाला नाव पडायचे, दुसऱ्या रात्री शेजारच्या मंडळाचा मोठा फ्लेक्स त्यावर चढायचा आणि तिसऱ्या दिवशी वादळात दोन्ही उडून ऑटोस्टँडवर सावलीला उपयोगी पडायचे.

खरी मजा आहे ती शहराबाहेरच्या ले-आउटमध्ये. वावर एनए होते, मुरूम पडतो, चुन्याच्या रेषा आखतात, सिमेंटच्या खुट्या गाडतात. पाणी यायच्या आधी, विजेचा खांब यायच्या आधी, स्वागत कमान उभी राहते आणि तिच्यावर नाव. नावाची रीत ठरलेली आहे. मालकाच्या मोठ्या मुलाच्या नावाचे नगर. धाकटा रुसला की भाग दोन. बायकोचे नाव दिसले तर सातबारा तिच्या नावावर आहे असे समजावे. संताचे नाव असेल तर ओपन स्पेसकडे लक्ष ठेवावे, तिथे लवकरच वर्गणी लागणार. आणि ‘व्हॅली’, ‘हिल्स’, ‘हाइट्स’ असले काही दिसले तर जमीन पाटीसारखी सपाट आहे याची खात्री बाळगावी.

बरे, त्या जमिनीला आधी नाव नव्हते असे थोडेच आहे? वऱ्हाडातला शेतकरी घरात कधी सर्व्हे नंबर बोलत नाही. बाभळीचं वावर, विहिरीचं वावर, पांधणीकडचं, नाल्याकाठचं, चिबडं. पोराला सकाळी डबा घेऊन पाठवताना एवढे एक नाव पुरायचे, गूगलचे काम नव्हते. त्या नावात जमिनीची सगळी कुंडली असायची. आजोबा ज्याला ‘चिबडं’ म्हणत आणि आषाढात बैल घालायला धजत नसत, तिथे नातवाने ‘हाइट्स’ विकल्या. पहिल्याच मोठ्या पावसात घरोघर बादल्या निघाल्या. आजोबा पारावर बसून तंबाखू मळत एवढेच म्हणाले, ‘मी त नावच थे ठेवलं होतं.’ रजिस्ट्रीच्या वेळी जुने नाव पहिल्या ओळीत लिहिण्याची सक्ती करावी, अशी माझी शासनाला सूचना आहे. नामंजूर होईल. मुद्रांक शुल्क बुडेल ना!

अशाच एका ले-आउटची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण नावावरूनच तिथे आजही काही घरांचे बोलणे बंद आहे. गल्ल्या पाच, नाव एकीलाही नाही. कुरिअरवाला रोज पाचही फिरायचा आणि शेवटी पार्सल किराण्याच्या दुकानात टाकून जायचा. म्हणून ओपन स्पेसमधल्या मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. थोर पुरुषांची नावे द्यावीत यावर एकमत झाले, ते तीन मिनिटे टिकले. मग निघाले की चार रस्ते सहा मीटरचे आणि एकच बारा मीटरचा.

‘आमच्या महापुरुषाले सहा मीटरची गल्ली?’ कंत्राटदार उभेच राहिले.

‘मग का आमच्याले देता?’ पलीकडून आवाज.

‘भाऊ, थोरपन का मीटरवर असते?’ वीज कंपनीतून निवृत्त झालेले काकाजी म्हणाले. जन्मभर मीटरवर काढलेल्या माणसाने हे म्हणावे, म्हणून एक दोघे हसले आणि वातावरण आणखी बिघडले.

गुरुजींनी झाडांची नावे सुचवली. कडुनिंब मार्ग, चिंच मार्ग. पण ले-आउटमध्ये एकही झाड नव्हते, होते ते प्लॉट मोजताना आडवे आले म्हणून गेले. नुसते आकडे द्यावेत असे कोणी म्हटले, तर एक नंबर कोणाच्या गल्लीला यावर पुन्हा रात्रीचे साडेदहा. मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारले, ‘आधी थे लाइट लावता का? पाटी वाचाले त दिसली पायजे.’ तिचा मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्यात आला.

शेवटी एका प्लॉट-दलालाने पाचही पाट्या स्वखर्चाने देऊ केल्या आणि वाद मिटला. पाट्या लागल्या. वर बारीक अक्षरांत ‘गल्ली क्रमांक’ आणि आकड्याची मोकळी जागा, कारण आकडे अजून ठरायचेच होते. खाली ‘सौजन्य’ म्हणून दलालाचा रंगीत फोटो, दोन मोबाइल नंबर आणि ‘प्लॉट घेणे-देणे, कर्जाची सोय’. पहिल्या महिन्यात एका गाईने अंग घासून पहिल्या गल्लीची पाटी तिरपी केली, तिसऱ्या गल्लीतल्या फोटोला कोणीतरी मिशा काढल्या. आता कुरिअरवाला रोज न चुकता योग्य दारी पोहोचतो. कुठे राहता विचारले की तिथले लोक सांगतात, तिरप्या पाटीची गल्ली, मिशावाल्याची गल्ली. आणि मिशावाल्याच्या गल्लीत प्लॉटला चौरस फुटामागे पन्नास रुपये जास्त पडतात.