सर, काही काम आहे का? : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

हिंजवडीत नुकतेच रुजू झालात, गळ्यात आयडी कार्ड आलं, पाठीवरच्या बॅगेत कंपनीचा लॅपटॉप आला, महिनाअखेरीला खात्यात पगारही पडला, आणि करायला मात्र काहीच नाही, अशा मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना कामातून मान वर करायला फुरसत नाही त्यांनी ती वाचू नये. उगाच जळफळाट होईल.

साहित्य फार लागत नाही. एक हेडफोन (गाणी चालू नसली तरी चालेल), एक वही, एक पेन आणि पाण्याची बाटली. बाटली अर्ध्या लिटरचीच घ्यावी. ती भरायला उठणं हे दिवसातलं पहिलं ठोस काम असतं, आणि लिटरची बाटली आणणारा ते एका फटक्यात संपवून बसतो.

काम नसलं तरी ऑफिसला वेळेवर पोचायचं असतं. त्यामुळे वाकडचा पूल आणि भूमकर चौक यांतून तुमची सुटका नाही. तासभर ब्रेक-क्लच, ब्रेक-क्लच करत तुम्ही जिथे पोचता तिथे कोणी तुमची वाट पाहत नसतं. गेटवरचं यंत्र तेवढं पाहत असतं. ते तुमचे आतले तास मोजतं, त्या तासांत काय झालं ते मोजत नाही. त्याच्याइतका निःपक्षपाती वरिष्ठ तुम्हाला पुढे भेटणार नाही.

सर काम का देत नाहीत

पहिल्यांदा डोक्यातून हे काढून टाका की सरांचा तुमच्यावर राग आहे. राग यायला तुम्ही आहात हे आधी लक्षात असावं लागतं. तुम्हाला टीममध्ये घेतलं, कारण त्या तिमाहीत एक जागा मंजूर झाली होती, आणि मंजूर जागा भरली नाही तर पुढच्या वेळी मागायला तोंड राहत नाही. तुमची नेमणूक जागा भरण्यासाठी होती. ती तर तुम्ही पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊला भरलीत.

दुसरं कारण क्लायंट. आपल्याकडच्या बऱ्याच प्रकल्पांत माणशी, ताशी बिल लागतं. ज्याचं बिल लागतं तो बिलेबल, ज्याला प्रकल्पच नाही तो बेंचवर, आणि या दोहोंच्या मध्ये शॅडो नावाची एक योनी आहे. शॅडो टीममध्ये असतो, पण क्लायंटला तो आहे हे माहीत नसतं. त्याने कॉलवर यावं, म्यूटवर राहावं, कॅमेरा बंद ठेवावा आणि शिंक आली तर लॅपटॉपपासून लांब जावं.

तिसरं कारण खरं. तुम्हाला समजावून सांगायला दोन तास लागतात आणि सरांनी स्वतः केलं तर वीस मिनिटांत होतं. सर हा हिशेब रोज मांडतात आणि उत्तर रोज तेच येतं. दोन तास एकदाच घालवायचे आहेत आणि वीस मिनिटं वर्षभर, हे त्यांना कळत नाही असं नाही. पण डिलिव्हरी आज रात्री असते, वर्षअखेरीला नसते. म्हणून सर रात्री साडेदहाला ऑनलाइन दिसतात, ‘अजिबात बँडविड्थ नाही’ म्हणून उसासे टाकतात, आणि दिवसा त्यांच्यापासून चार खुर्च्यांवर तुम्ही आवाज बंद करून व्हिडिओची सबटायटल्स वाचत असता. नव्या माणसाला काम देणं हेच एक मोठं काम आहे, आणि सरांना अजून कोणी ते दिलेलं नाही.

(चौथं कारण म्हणजे सरांकडेच काम नाही. हे तुमच्या लक्षात आलं असेल तर तसं चेहऱ्यावर दिसू देऊ नका. टीममध्ये तुमच्याइतका घाबरलेला माणूस तोच आहे.)

विचारायचं कसं

या भागावर जास्त वेळ द्या. नाहीतरी वेळ आहेच.

नवशिका सरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. सर कॉलवर असतात. ते मान न वळवता तर्जनी वर करतात, म्हणजे ‘एक मिनिट’. ते बोट बराच वेळ तसंच राहतं. तेवढ्यात टेबलावरचं बघून घ्यावं: कागदी कपात गार झालेला चहा, त्यावर धरलेली साय, मुलांचा फोटो, मागच्या वर्षीच्या दिवाळीत वाटलेला बदामांचा न उघडलेला डबा. मग हेडफोनचा एक कान सरकतो.

“हां, बोल.”

“सर, काही काम आहे का?”

“अरे, आहे ना! ढीग आहे. देतो. एवढं रिलीज होऊन जाऊ दे.”

रिलीज होतं. त्यात काहीतरी फुटतं, म्हणून हॉटफिक्स येतो. मग ऑडिट येतं. मग सरांच्या घरी गणपती. मग तिकडे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे क्लायंटच जागेवर नाही. डिसेंबरात फ्रीझ, म्हणजे नाताळ होईपर्यंत सिस्टीमला कोणी हात लावायचा नाही. जानेवारीत बजेट यायचं असतं. मार्चमध्ये तर कोणी कोणाशी बोलतच नाही.

“तोपर्यंत ते डॉक्युमेंट वाचून काढ.”

ते डॉक्युमेंट दोनशे पानांचं असतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून कॅनडाला गेलेला असतो. त्यात ज्या सर्व्हरची आकृती आहे तो सर्व्हर आता नाही, ज्या टीमला फोन करा म्हटलंय ती टीम नाही, आणि चाळिसाव्या पानावर ‘हा भाग नंतर लिहू’ असं पिवळ्या रंगात आहे. नवशिके ते डॉक्युमेंट पहिल्या दोन दिवसांत वाचतात आणि ‘सर, झालं वाचून’ म्हणून सांगायला जातात. ही घाई नडते. सरांकडे दुसरं डॉक्युमेंट नसतं.

आता मुद्द्याचं. ‘काही काम आहे का’ हा प्रश्न वाटतो तेवढा नम्र नाही. तो विचारला की सरांना हातातलं सोडून आठवावं लागतं की आपल्याकडे काय काय आहे, त्यातलं या पोराला काय झेपेल, त्यासाठी त्याला कुठले ऍक्सेस लागतील, आणि त्याने गोंधळ घातला तर निस्तरायचं कोणी. म्हणजे तुम्ही काम मागायला गेलात आणि त्यांनाच काम देऊन आलात. अशा वेळी माणूस ‘देतो’ म्हणतो आणि हेडफोनचा कान पुन्हा लावतो.

त्याऐवजी असं विचारून बघा: “सर, त्या डॉक्युमेंटमधली सर्व्हरची यादी जुनी आहे. मी नवी करून ठेवू का?” याला ‘हो’ म्हणायला काही डोकं लागत नाही. माणसं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. अशी कोणाच्याही नावावर नसलेली कामं टीममध्ये भरपूर असतात: कॉलची टिपणं काढून सगळ्यांना पाठवणं, दिवाळीत कोण सुट्टीवर आणि कोण सपोर्टला याचा तक्ता, टेस्ट डेटा, दोन वर्षं उघडी पडलेली आणि कोणी बंद न केलेली तिकिटं. त्यातही टेस्टिंगच्या मॅडमशी ओळख वाढवा. काय चालतं आणि काय चालत नाही हे त्या एकट्यांनाच माहीत असतं, आणि त्यांच्याकडे कायम दोन हात कमी असतात. तुमचं पहिलं खरं काम बहुधा त्यांच्याकडूनच येईल. सरांना ते नंतर स्टँडअपमध्ये कळेल आणि ते म्हणतील, “हो, मीच सांगितलं होतं त्याला.”

म्हणू द्या.

रोजचा स्टँडअप

सकाळी सगळे एकेक करून काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय ते सांगतात. तुमची पाळी आली की ‘काही नाही’ म्हणू नका, लोकांना अवघडल्यासारखं होतं. ‘मॉड्यूल समजून घेतोय’ हे वाक्य तीन आठवडे टिकतं. चौथ्या आठवड्यात कोणीतरी ‘काय समजलं?’ असं विचारण्याचा धोका असतो. तसं प्रत्यक्षात फारसं होत नाही, कारण तुमची पाळी येईपर्यंत निम्मे लोक मेल वाचत असतात.

टीम्सवरचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून माउस हलवत बसणं ही जुनी विद्या आहे. माझं मत विचाराल तर तिच्या नादी लागू नका. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावत होता, पण त्याच्याकडे निदान तुंबड्या होत्या. तुम्ही माउस हलवता तो दुसऱ्याच्या लॅपटॉपचा, आणि त्या लॅपटॉपवर काय काय झालं ते आयटी सपोर्टला दिसू शकतं. शिवाय वर्षभर माउस हलवून हाती काय लागतं? पुढच्या मुलाखतीत समोरचा विचारतोच, “प्रोजेक्टमध्ये तुझा रोल काय होता?” तिथे ‘आम्ही हे बांधलं, आम्ही ते मायग्रेट केलं’ असं अनेकवचन चार मिनिटं चालतं. मग तो म्हणतो, “ते झालं. तू काय केलंस?”

घरच्यांना काय सांगायचं

आईचा फोन रात्री येतो. “जेवलास का? काम फार असतं का रे?” हो म्हणावं. तिने शेजारी सांगून झालेलं असतं की पोराला श्वास घ्यायला वेळ नाही. बाबांना खरं सांगायचा प्रयत्न एकदा करून बघायला हरकत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर एसटीत डबल ड्युट्या केल्या, तो एकच विचारेल, “पगार वेळेवर होतो ना? मग?” या ‘मग’ला उत्तर नाही. सापडलं तर मलाही कळवा.

परदेशातले अनुभवी

आपण एकटेच असे नाही याचा थोडा आधार वाटतो, म्हणून हे वाचा. स्पेनमधल्या कादिस शहरात होआकिन गार्सिया नावाचे अधिकारी पालिकेच्या नोकरीत सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर नेमलेले होते. वीस वर्षांच्या सेवेबद्दल २०१० साली त्यांचा गौरव करायचं ठरलं, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की हे गृहस्थ कित्येक वर्षं दिसलेलेच नाहीत. किमान सहा वर्षं ते कामावर फिरकले नव्हते असं निघालं. कोर्टाने सुमारे २७ हजार युरोंचा दंड केला. त्यांचं म्हणणं असं की मला मुद्दाम तिथे टाकलं होतं आणि तिथे कामच नव्हतं. तेवढ्या काळात त्यांनी स्पिनोझाचं तत्त्वज्ञान वाचून काढलं म्हणतात. डॉक्युमेंटपेक्षा ते बरं असावं.

पॅरिसच्या फ्रेडेरिक देनार यांनी उलटी वाट धरली. ते एका अत्तर कंपनीत होते. वर्षानुवर्षं काम न देऊन मला आजारी पाडलं, म्हणून ते कोर्टात गेले, आणि तिथल्या अपील न्यायालयाने २०२० साली हा मानसिक छळच असल्याचं मान्य करून भरपाई द्यायला लावली. जपानी कंपन्यांत तर नको झालेल्या माणसाला काढून न टाकता खिडकीजवळचं टेबल देण्याची रीत होती. पगार चालू, काम बंद, बाहेरचं बघत बसा. हिंजवडीत खिडकीजवळच्या जागा सिनियर लोकांना मिळतात, एवढाच फरक.

यातलं देशी काय? जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम काढला की वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असलं पाहिजे, आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. काम द्यायचं सरांनी आणि दिवस मोजायचे पोराचे, ही गोष्ट मला काही पटलेली नाही. पण आपल्याला पटतं की नाही हे विचारून कोणी धोरण करत नाही. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

टाइमशीट

शुक्रवारी दुपारी टाइमशीट भरायची आठवण येते, मग दुसरी येते, मग लाल अक्षरांत तिसरी येते. जिच्यावाचून सरांचं अडतं अशी तुमच्याकडची ही एकमेव गोष्ट.

जे केलं तेच भरा. शिकत होतात तर लर्निंग, काही नव्हतं तर मोकळा वेळ, त्यासाठी वेगळे कोड असतात. आणि दर शुक्रवारी सरांना चार ओळींचा मेल टाका: या आठवड्यात हे केलं, हे विचारलं होतं, पुढच्या आठवड्यात मी मोकळा आहे. सर तो उघडणार नाहीत. काही बिघडत नाही. अप्रेझलला ‘याने पुढाकार घेतला नाही’ असं निघालं, तर हेच मेल तारखांसकट एकाखाली एक मांडून ठेवता येतात.

कधीतरी सर हळूच म्हणतील, “या आठवड्याचे तास क्लायंटच्या कोडवर टाक ना.” न केलेल्या तासांचं बिल लावणं ही फसवणूक आहे, पण तसं तोंडावर म्हणायची गरज नाही. “चालेल सर, कोणता कोड टाकू तेवढं मेलवर सांगता का?” एवढंच विचारा. त्या मेलला उत्तर येणार नाही. मात्र सर स्वतः उठून तुमच्या टेबलापाशी येतील, हेडफोन गळ्यात अडकवून, आणि “काय चाललंय तुझं?” असं अगदी आपुलकीने विचारतील. या संधीचा फायदा घ्या. सर्व्हरची यादी दाखवा.

काम मिळाल्यास

ते शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मिळतं. तुम्ही बॅग पाठीला लावलेली असते, कोथरूडला जाणाऱ्या मित्राच्या गाडीवर मागे बसायचं ठरलेलं असतं. “अरे, थांब, थांब. तुला काम हवं होतं ना? हे बघ, अर्जंट आहे. खरं तर कालच द्यायला हवं होतं.”

घाबरू नका. बॅग उतरवा, लॅपटॉप उघडा, मित्राला ‘तू हो पुढे’ म्हणून कळवा. मग लक्षात येईल की त्या सिस्टीमचा ऍक्सेस तुम्हाला नाही. त्यासाठी पोर्टलवर जाऊन रिक्वेस्ट टाकावी लागते. फॉर्म सोपा आहे: नाव, एम्प्लॉयी आयडी, कारण. कारणाच्या रकान्यात ‘काम मिळाले आहे’ असं लिहू नये, ‘बिझनेस रिक्वायरमेंट’ लिहावं. सबमिट केलं की खाली करड्या अक्षरांत येतं: मंजुरीसाठी प्रलंबित. त्याखाली मंजुरी देणाऱ्याचं नाव असतं. मान वर करून बघा. सर निघालेले असतील.