जागावाले काका

"जागा बघतोय" हे दोन शब्द काका गेली तीसेक वर्षं चालू वर्तमानकाळात वापरत आहेत. तब्येत विचारा, मुलाची परीक्षा विचारा, बोनस विचारा, गाडी शेवटी तिथेच येते. फोर्टातल्या, परळमधल्या, अंधेरीतल्या कुठल्याही ऑफिसात जा, असे एक काका तिथे असतातच. गिरगावात किंवा लालबागेत आजोबांच्या नावावरची पागडीची दीड खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास आणि बॅगेत कायम तीन-चार ब्रोशर. ऑफिसचे कागद त्या बॅगेत असतात की नाही, याची खात्री देता येत नाही.

काकांचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी डोंबिवलीतली एक जागा सुचवली होती. "खाडी ओलांडून कोण जाईल?" म्हणून काकांनी नाही म्हटलं. मग कुणीतरी ठाण्याचा घोडबंदर रोड दाखवला. तिथे बिबट्या येतो, असं काकांनी ऐकलं होतं. आज त्या भागातले भाव बघता बिबट्यालाही तिथे परवडत नसणार. पुढे कल्याणचा विषय निघाला, तर काका म्हणाले, "कल्याण जंक्शन आहे. तिथे गाडी बदलायची असते, राहायचं नसतं." बदलापूर त्यांच्या मते हवापालटाचं गाव होतं. दोन दिवस जावं, बारवी धरण बघावं, परत यावं. या सगळ्या गावांनी काकांनी केलेला अपमान मनाला लावून घेतला आणि एकेक करून ती त्यांच्या बजेटबाहेर गेली. तेव्हापासून काकांना परवडणारं गाव नेहमी एकाच ठिकाणी सापडतं: मागच्या वेळी नाकारलेल्या गावाच्या पुढच्या स्टेशनावर.

पण अभ्यास दांडगा. कल्याणचं नाव काढलं की काका दोन बोटं फाकवून धरतात. हे बोट कसारा, हे बोट कर्जत. पहिल्या बोटावर टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव; दुसऱ्यावर अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. मधूनच इतिहास येतो. "कल्याणला रेल्वे १८५४ साली पोचली. आपल्या माणसाला पोचायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, आणि मग परळ-लालबाग हळूहळू असं सरकत सरकत…" असं म्हणत काका दुसऱ्या हाताची चिमटी कर्जतच्या बोटावरून सरकवतात. ती नखापाशी आली की थांबतात. नखाच्या पुढे खोपोली. तिथे सध्या हात घालायचा नाही, असं ठरलेलं आहे.

त्यांचा एक सिद्धान्त मात्र मला मनापासून पटतो. गाव बघू नये, गाडी कुठून सुटते ते बघावं. बदलापूर लोकल बदलापुरातून सुटते, म्हणून तिथल्या माणसाला निदान बसण्याचं स्वप्न पडू शकतं. वांगणी आणि शेलूच्या नशिबी मागून भरून आलेली कर्जत नाहीतर खोपोली. ती चुकली तर प्लॅटफॉर्मवर पुढच्या गाडीची वाट बघत माणूस आपोआप तत्त्वज्ञ होतो. म्हणून वांगणी स्वस्त. आता बदलापूरलाही गाडी फलाटाला लागते तेव्हा आत अलीकडच्या स्टेशनांवरून उलटे बसून आलेले 'रिटर्न'वाले खिडक्या धरून डोळे मिटून असतात, पण ते ब्रोशरमध्ये छापत नाहीत. "आपण चौरस फूट विकत घेत नाही," काका सांगतात, "आपण चौथी सीट विकत घेतो."

हिशोबही त्यांच्याकडे तयार असतो. समजा, एक स्टेशन पुढे गेल्यावर चौरस फुटामागे हजार रुपये वाचले. चारशे फुटांचे चार लाख. त्यासाठी जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास जास्त. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साडेचारशे तास, वीस वर्षांत नऊ हजार. म्हणजे तासाला चव्वेचाळीस रुपये पडले. इथे दुसरा माणूस हळहळला असता. काका टेबलावर थाप मारतात. "तासाला चव्वेचाळीस रुपये! उभ्याने झोपायचे कुणी देतं का हो?"

रविवारी साईट व्हिजिट. बिल्डरची गाडी स्टेशनवर न्यायला येते, पण काका तिच्यात बसत नाहीत. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे वाक्य ते घड्याळ लावून चालत जाऊन तपासतात. बाविसाव्या मिनिटाला घाम पुसत सेल्स ऑफिसात शिरले की टाय लावलेला मुलगा शांतपणे म्हणतो, "काका, ते बाईकवर." मग गारेगार सॅम्पल फ्लॅट. पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, हे काकांना ठाऊक असल्यामुळे ते आल्या आल्या त्यावर आडवे होतात आणि पाय किती बाहेर राहिले ते काकूंना मोजायला लावतात. महारेरा नंबर विचारतात. कार्पेट विचारतात. २०१७ साली महारेरा आल्यापासून कार्पेटवरच जागा विकावी लागते, त्यामुळे सुपर बिल्टअपवरून भांडायची एक चांगली संधी गेली, याची त्यांना रुखरुख आहे. स्विमिंग पूल बघायला मात्र ते जात नाहीत. ते गुपचूप शेजारच्या, राहत्या इमारतीपाशी जातात आणि दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना खालून विचारतात, "ताई, पाणी किती वाजता येतं हो?" बाई म्हणतात, "टँकरचं ना?" पुढचं मग विचारावं लागत नाही.

जागा दोनदा बघावी, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात पाण्यासाठी आणि जुलैत पुन्हा पाण्यासाठी. २०१९च्या जुलैत उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, बोटी आल्या, हेलिकॉप्टर आली. सगळा देश त्या माणसांच्या काळजीत होता. काकाही होते. पण टीव्हीपुढे बसून ते पाणी कुठल्या कुठल्या प्रोजेक्टच्या पायाला लागलं आहे, तेही टिपून घेत होते. तीन ब्रोशर त्या रात्री रद्दीत गेली.

ब्रोशरमधला भविष्यकाळ हा त्यांचा हळवा कोपरा. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होणार, या बातमीवर त्यांनी कित्येक रविवार काढले. नवी मुंबईचा विमानतळ तर ब्रोशरांत इतकी वर्षं 'वीस मिनिटांवर' होता की २०२५च्या ऑक्टोबरात त्याचं खरोखर उद्घाटन झालं तेव्हा काका जरा नाराजच दिसले. होणाऱ्या विमानतळापासून कुठलंही गाव वीस मिनिटांवर असू शकतं. झालेल्या विमानतळापर्यंत रिक्षा करावी लागते.

काकू या सगळ्यात कुठे? काकू सोबत असतात आणि मला तर वाटतं, जागा खऱ्या अर्थाने त्याच बघतात. सॅम्पल फ्लॅटच्या दारातून परत फिरून त्या बाजार गाठतात. रात्री उघडा असणारा दवाखाना आहे का, सकाळी बायकांच्या डब्यात शिरता येतं का, हे भाजी घेता घेता विचारून घेतात. पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी बायका शेवळं घेऊन बसलेल्या असल्या तर शेवळं आणि सोबत काकडं पिशवीत पडतात. रविवार फुकट जात नाही तो त्यामुळे.

काकांच्या सल्ल्याने अर्ध्या ऑफिसने जागा घेतल्या, हे मात्र कबूल करायला हवं. हिशोबातल्या पोराला त्यांनी टिटवाळ्याला बसवला, शिपायाला वासिंदला, रिसेप्शनवरच्या मुलीला नेरळला. वास्तुशांतीला काका आग्रहाने जातात, जेवणाआधी मोरीतला नळ सोडून बघतात आणि निघताना यजमानाच्या पाठीवर हात ठेवतात. "रेट वाढला ना? म्हटलं होतं की नाही?" त्यात अभिमान असतो आणि थोडा रागही. आपणच माणसं धाडायची, माणसं गेली की भाव चढायचे, आणि मग आपल्यालाच पुढचं स्टेशन बघायचं! या चक्राला आपणही आस पुरवतो, असा संशय काकांना कधी येत नाही.

खरं सांगायचं तर काकांना न परवडण्यापेक्षा न पटण्याचा त्रास जास्त आहे. पत्त्याच्या शेवटी 'मुंबई ४' लिहायची ज्याला सवय, त्याच्या हाताला 'तालुका' हा शब्द लिहिताना कंप सुटतो.

परवा प्रकरण कसाऱ्याच्याही पुढे गेलं. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि काकांच्या बॅगेत इगतपुरीचं ब्रोशर आलं. धुकं, डोंगर, थंड हवा. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. काकू माहेरच्या नाशिकच्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं घाट चढून वर जायचं तर थोडं पुढे नाशिकलाच राहू की. दादाच्या ओळखीने तिथेच नोकरीही बघता येईल तुम्हाला. चालत जाल, जेवायला घरी याल."

काकांच्या हातातला घास थांबला. "म्हणजे मुंबई सोडायची?"

"मग इगतपुरीला राहून काय धरायची?"

काका रात्रभर कूस बदलत होते म्हणे. सकाळी मात्र ऑफिसात आले ते टवटवीत. बॅग टेबलावर ठेवली, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "नाशिक रोडवरून पंचवटी एक्स्प्रेसने माणसं रोज मुंबईत येतात, माहितीये? पासधारकांचा वेगळा डबा आहे. बसायला मिळतं!"