सिस्टर आणि सिस्टरांचे मिस्टर

जालन्यात ख्रिस्ती बाई दिसली की लोक तिला दोनच प्रश्न विचारतात. "मिशन दवाखान्यात आहात का?" आणि "कोणत्या वॉर्डात?" सतरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं, तेव्हा समोरच्या काकूंनी टेम्पोतून कपाट उतरायच्या आत हे दोन्ही प्रश्न उरकून घेतले. बाई म्हणाल्या, "नाही हो, मी घरीच असते." काकूंनी याचा अर्थ 'सध्या रजेवर आहेत' असा लावला आणि त्याच संध्याकाळी तापानं फणफणलेला नातू त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. बाईंनी कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, मोसंबीचा रस पाजला आणि सकाळी डॉक्टरकडे न्यायला बजावलं. सकाळी ताप उतरलेला होता. डॉक्टरची फी वाचली. काकूंनी त्यांना 'सिस्टर' म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनं ते नाव उचललं.

सिस्टरांनी दोन वर्षं झुंज दिली. "अहो, मी नर्स नाही. आणि आमच्यात ज्यांना सिस्टर म्हणतात त्या मठात राहतात, लग्न करत नाहीत. मला नवरा आहे, दोन लेकरं आहेत!" गल्लीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, "असू द्या हो सिस्टर." सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचं नावही मग कुणी विचारलं नाही. ते 'सिस्टरांचे मिस्टर' झाले. तिसऱ्या वर्षी सिस्टरांनी हार मानली आणि भिशीच्या पैशातून बीपीचं मशीन घेतलं. लोक येणारच आहेत तर निदान आकडा तरी खरा सांगता यावा!

दुसरी लढाई बेथेलची. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. पुढं त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्यामुळं ख्रिस्ती म्हणजे बेथेलचे, असा इथं सरसकट हिशेब. सिस्टर सांगतात, "ते प्रॉटेस्टंट. आम्ही कॅथलिक. माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं, घोगरगावाकडचं." गल्ली विचारते, "मग फरक काय?" सिस्टर मतमाउली मरियेपासून सुरुवात करतात, संतांवर येतात, पोपसाहेबांपर्यंत पोचतात. काकू शेवटी निकाल देतात : "म्हणजे तुमच्यात देव एक आणि बाकी मंडळ मोठं. आमच्यासारखंच की!" सिस्टर कपाळाला हात लावतात.

मंडळ मोठं आहे खरं, आणि त्यात खाती वाटलेली आहेत. किल्ली हरवली की संत अंतोन. दाढ दुखली की संत अपोलोनिया. डोळ्यांना संत लुसिया, घशाला संत ब्लेझ. सगळे उपाय थकले की संत यहुदा तदय. पण त्यांना उगाच किरकोळ कामासाठी उठवायचं नाही, असा सिस्टरांचा दंडक आहे. 2025 च्या सप्टेंबरात कार्लो अकुतिस नावाच्या, पंधराव्या वर्षी वारलेल्या आणि कॉम्प्युटरचा नाद असलेल्या मुलाला पोपनी संत म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून वायफायचं खातं त्याच्याकडे आलं. अजून सिस्टरांचा त्याच्यावर पुरता भरवसा बसलेला नाही. "पोरगं नवीन आहे. बघू."

मात्र संतांकडे अर्ज गेला म्हणून डॉक्टरची चिठ्ठी फाडलेली चालत नाही. शुगरची गोळी बंद करून नुसती मेणबत्ती लावणाऱ्या एका नातेवाईक बाईला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, "गोळी घ्यायला संत ब्लेझ येणार आहेत का तुझ्या घशात?"

सिस्टरांचा व्यायामही प्रार्थनेतूनच निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. वेळ कुठला? मग त्यांनी जपमाळ चालता चालता म्हणायला घेतली. एक जपमाळ वीस मिनिटांची. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. सिस्टरांनी ते मनगटाला बांधलं, माळेचा हात पदराखाली छातीशी धरला आणि गच्चीवर चाळीस मिनिटं फेऱ्या घातल्या. हात हललाच नाही, त्यामुळं घड्याळाच्या लेखी सिस्टर जागच्या हलल्याच नाहीत. पावलं दाखवली तीनशे अकरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ घोट्याला बांधलं. हिरव्या काठाचं लुगडं, चांदीचं पैंजण आणि पैंजणाला खेटून ते काळं घड्याळ. चालताना दोन्ही एकमेकांवर वाजायची. पण आकडा आला चार हजारांवर, आणि सिस्टरांनी लेकाला फोन करून सांगितलं, "घड्याळ चांगलं आहे रे, फक्त पायातलं आहे."

बलोपासना सांगणारे समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे. पण गल्लीतल्या बायकांचे हातपाय हलले ते सिस्टरांमुळं. काकू तुळशीची माळ घेऊन गच्चीवर आल्या. पलीकडच्या खाला तसबीह घेऊन आल्या. लगेच भांडणही लागलं, कारण तिघींनी फेऱ्या माळेवर मोजायचं ठरवलं. काकूंचे मणी 108, खालांचे 99, सिस्टरांचे 59. काकूंनी अन्याय झाल्याचं जाहीर केलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमचा मणी 'राम' म्हटलं की सरकतो. आमच्या एका 'नमो मरिया'त तुमचे दहा मणी होतात." खालांनी मध्यस्थी केली : "घड्याळ सिस्टरच्या पायात आहे ना? बस, तेच खरं." तेव्हापासून तिघींच्या तब्येतीचा हिशेब त्या एका घोट्यावर चालतो.

जपमाळ पाहुण्यांसाठी मोडत नाही, फोनसाठी मोडत नाही. नळ आला तर मात्र मोडते. आमच्याकडे नळ कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी येतो. खालून "आलंऽऽ!" अशी आरोळी उठली की सिस्टर ज्या मण्यावर असतील तिथं चिमट घट्ट धरून जिना उतरतात. एका हातात मणी, दुसऱ्या हातात पाइप. मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत दुःखाची रहस्यं असतात. नेमका त्याच दिवशी नळ आला आणि धार बारीक असली की चिंतन फार खोलवर जातं, असं त्या सांगतात.

एकदा बारा दिवस नळ आला नाही. मिस्टर रात्रपाळी करून भट्टीच्या धगीतून आले. माठ कोरडा. फ्रिजच्या दारात एक बाटली होती, तिच्यातल्या पाण्याचा त्यांनी चहा टाकला. ती बाटली हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतून आणलेल्या पवित्र पाण्याची. सिस्टर उठून आल्या तेव्हा मिस्टर बशीतला शेवटचा घोट घेत होते. आम्ही भिंतीला कान लावून बसलो. बराच वेळ शांतता, आणि मग सिस्टरांचा आवाज : "साखर कमी टाकली ना?"

चहा हा सिस्टरांचा खरा मोह. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत सेहेचाळीस दिवस; सहा रविवार वजा जाता चाळीस. या चाळीस दिवसांत त्या चहा सोडतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या वाडग्यावर वाडगे रिचवणाऱ्या काकूंना त्या 'एकादशी, दुप्पट खाशी' ऐकवतात. पण चहाविना सिस्टरांचा पहिला आठवडा गल्ली जपून काढते. डोकं दुखतं, आवाज चढतो, मिस्टर पाळी संपली तरी कारखान्यातच रेंगाळतात. एका वर्षी त्यांनी फादरांना गाठून विचारलं, "हिला चहाची सूट देता येईल का? प्रायश्चित्त तिचं आहे, भोगतोय मी." फादर म्हणाले, "मग तुम्हालाही पुण्य लागेल."

मशीनची रीत ठरलेली आहे. आल्या आल्या बीपी बघायचं नाही. पाच मिनिटं भिंतीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, तोंड मिटून बसायचं. हात छातीच्या उंचीला, उशीवर. पट्टा फुगत असताना सिस्टर मनात एक 'नमो मरिया' म्हणतात. ओठ हलताना दिसतात. 120 आणि 80 आलं की "जा, जेवा." 140 आणि 90 च्या वर गेलं की वहीत लाल शाईनं लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, आणि तरी उतरलं नाही तर डॉक्टर. वही म्हणजे जुनी डायरी. ती 'निरोप्या' मासिकाच्या गठ्ठ्यावर असते. हे मासिक 1903 पासून निघतं आणि सिस्टर ते मागून पुढं वाचतात.

या पाच मिनिटांबद्दल मात्र बोललं पाहिजे. आमच्या गल्लीत दिवसभरात पाच मिनिटं गप्प बसणारा माणूस नाही. सुनेवर तणतणत आलेल्या सासूला सिस्टर भिंतीशी बसवतात आणि स्वतः समोर लसूण सोलत बसतात. तिसऱ्या मिनिटाला सासूचा श्वास खाली येतो. चौथ्या मिनिटाला डोळे भरतात. पाचव्या मिनिटाला पट्टा. आकडा बरा आलेला पाहून सासू म्हणते, "मशीन गुणाचं आहे हो."

सिस्टरांच्या हातून एकदाच पाप घडलं. शेजारच्या म्हाताऱ्या अण्णांचं आलं 152. अण्णा भित्रे, आकडा ऐकूनच आडवे होतील म्हणून सिस्टरांनी 142 सांगितलं. आठवडाभर त्यांना झोप लागेना. शेवटी पापनिवेदनाला गेल्या. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, फादरांनी नव्हे. फादर म्हणाले, "जा, आणि अण्णांना खरा आकडा सांग. हेच प्रायश्चित्त." सिस्टर उठल्या, दारापर्यंत गेल्या. मागून फादरांची हाक आली. त्यांनी झग्याची बाही कोपरापर्यंत वर केली होती. "मशीन आणलंय का बरोबर?"

मशीन पिशवीतच होतं. फादर पाच मिनिटं गप्प बसले. आकडा काय आला ते सिस्टरांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मध्यंतरी घरोघर फिरून माहिती भरणारा एक तरुण आला होता. त्यानं विचारलं, "काम काय करता?" सिस्टर म्हणाल्या, "मी घरीच असते." त्यानं 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळला. काकूंनी त्याला वरून हाक मारली, तो दोन जिने चढून धापा टाकत होता म्हणून खाली सिस्टरांच्या ओट्यावर आणून बसवला, आणि त्याचा फॉर्म काढून घेतला.

तुम्हालाही यायचं असेल तर संध्याकाळी सहा ते सात. नळाच्या दिवशी येऊ नका. फी नाही, मशीनचे चार सेल संपले असतील तर ते मात्र तुम्ही आणायचे.