त्यात काय एवढं

आमच्या मामांनी कारागीर म्हणून कुणाला घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. विहिरीवरची मोटार बिघडली तर मामा. दाराची बिजागरी निखळली तर मामा. मामीच्या मिक्सरमधून धूर आला तेव्हाही मामा; आणि त्यानंतर मामी पाट्यावर वाटतात. कुठलंही काम समोर आलं की मामा आधी टोपी मागं सरकवतात, मग म्हणतात, "त्यात काय एवढं?"

तसा हा माणूस हाताचा कच्चा नाही. मोसंबीच्या कलमाला डोळा भरताना त्यांचा चाकू बघावा. रंगपूर खुंटाची साल नेमकी तेवढीच फाकते, डोळा आत बसतो, पट्टी गुंडाळली जाते. दिवसाला शेकड्यानं डोळे भरतात आणि बहुतेक सगळे फुटतात. पण एका कामात हात बसला की जगातली सगळी कामं आपलीच, असं मामांना वाटतं.

भिंतीचं दुखणं 2023 सालचं. 29 ऑगस्टला आमच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि ज्या गावाचा पत्ता "अंबड तालुका, वडीगोद्रीच्या जवळ" असा समजावून सांगावा लागायचा, ते दिल्लीपर्यंत तोंडपाठ झालं. त्या गर्दीत कुणीतरी मामांच्या बैठकीत बसून मुलाखत दिली. मुलाखत गावानं ऐकली, मामांनी भिंत बघितली. पोपडे आलेली, कोपऱ्यात ओलीचा डाग. "आख्ख्या देशानं बघितली गड्या आपली भिंत," ते मला म्हणाले. हे शल्य वर्षभर सलत राहिलं. मग मोसंबीचे पैसे हातात आले आणि दिवाळीच्या तोंडावर मामा भिंतीला वॉलपेपर आणायला जालन्याला गेले.

भिंत बारा फूट रुंद, दहा फूट उंच. म्हणजे 120 चौरस फूट. एका रोलमध्ये सत्तावन्न चौरस फूट कागद. दोन रोलांचे 114. "राहिले सहा. ते कपाटामागं जातील." जमिनीचा हिशेब अर्ध्या गुंठ्यापर्यंत बरोबर करणाऱ्या माणसाला कोण चूक म्हणणार? पण वॉलपेपर गुंठ्यानं लागत नाही, पट्टीनं लागतो. रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब; दहा फुटी भिंतीला त्यातून तीनच पट्ट्या निघतात. भिंतीला सात पाहिजेत. दोन रोलांत सहा. हा हिशेब मामीनं नंतर बोटांवर केला.

खळ करण्यापासूनच मामीचा हात लागला. पुडीतली पावडर थंड पाण्यात भुरभुरवत, ढवळत टाकायची असते. मामांनी आधी घमेल्यात पावडर ओतली, वरून पाणी. लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. मामी दारातून बघत होत्या. "पिठलं येत नाही आन् चालले कागद चिटकवायला," म्हणत त्यांनी रवी आणली.

मामांनी सहाही पट्ट्या एकदमच कापून ठेवल्या होत्या, एकसारख्या, उसाच्या कांड्यांसारख्या. कागदावर हिरवी पानं आणि बगळे. ती नक्षी दर 64 सेंटिमीटरला पुन्हा येते, म्हणून दुसरी पट्टी पहिलीशी जुळवून मगच कापायची, हे मामांच्या गावी नव्हतं. परिणाम असा, की दर पट्टीवर बगळा एकेक पायरी चढत गेला आणि चौथ्या पट्टीला दुसरा रोल लागताच धाडकन खाली आला. "उडून राहिलेत," मामा म्हणाले.

मग फुगे. तळहाताएवढे चार, मधोमध. वॉलपेपरचा आणि फुग्याचा संबंध जुना आहे. 19 सप्टेंबर 1783 ला फ्रान्समध्ये व्हर्सायला राजासमोर गरम हवेचा मोठा फुगा उडाला. त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. आणि तो तयार करायला हात लावणारा रेव्हेयों हा पॅरिसचा वॉलपेपर कारखानदार. हे मी मामांना धीर यावा म्हणून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"मेंढी नीट खाली आली का?"

"आली."

"मंग."

आणि बैलाला टोचायची सिरिंज घेऊन ते फुग्यांत खळ भरू लागले. नवल म्हणजे हा इलाज बरोबर निघाला. अगदी कसलेले कारागीरसुद्धा असंच करतात. मामांना मात्र ते सांगायची सोय नाही.

रात्री दोनला बैठकीत कुणीतरी चादर झटकल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून बघतो तर पहिली पट्टी मामांच्या अंगावर, आणि मामा तिच्याखाली शांत झोपलेले. भिंत चुन्याची होती. चुना खरवडून, प्रायमर मारून मग कागद लावायचा असतो. नाहीतर खळ चुन्याला धरते आणि चुना भिंतीला सोडतो. पट्टी उलटी करून बघितली. तिच्या पाठीला चुन्याचे पापुद्रे चिकटून आले होते. वर पांढरा, त्याखाली नीळ घातलेला दिवाळीचा, त्याखाली पिवळा. मामीनं पिवळ्यावर बोट फिरवलं. "हा आपल्या लग्नातला," त्या म्हणाल्या, आणि मामा पट्टीखालून पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

सकाळपासून खरवडणं. चार दिवस. पुन्हा सगळं लावून झालं तेव्हा कोपऱ्यात दीड फूट उघडी भिंत, तीही वर रुंद आणि खाली निमुळती. तिसरा रोल आणला. लॉट वेगळा निघाला, बगळे पोपटी आले. कपाट सरकवलं. कपाट सरळ, कागद तिरका.

"भिंतच वाकडी हाय," मामा म्हणाले. "बांधणाऱ्यानं ओळंबा लावला नव्हता."

"बांधताना ओळंबा कुणाच्या हातात होता?" मामीनं विचारलं.

मामांनी टोपी पुढं ओढली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

पाडव्याला शेजारचा पोऱ्या आला. भिंत न्याहाळली, बगळ्यांवरून हात फिरवला, त्याला काय आवडलं कोण जाणे. "काका, आमच्या बी लावायची हाय. एवढीच भिंत. रोल किती आणू?"

मामांनी टोपी मागं सरकवली. "दोन."

आतून मामीचा आवाज आला, "तीन."